विद्यार्थी नाटकांना आदल्या दिवसाचे नाट्यगृह हवे

मा. संपादक,

पावसाळा लागला की गोव्यातल्या महाविद्यालयांची नाट्यमंडळे वर्षभराच्या प्रयोगांची जुळवाजुळव सुरू करतात. संहिता आणि कलाकार यांवर पुष्कळ खल होतो, पण नाट्यगृह घेतले जाते ते प्रयोगाच्या दिवसापुरतेच. सकाळी नऊला आत शिरायचे आणि संध्याकाळी साडेसहाला तिसरी घंटा द्यायची. एवढ्यात नाटक उभे राहू शकत नाही.

टेम्पोतून नेपथ्य उतरवून उभे करायला दोन तास लागतात, दिवे टांगायला आणखी दोन. पण फोकसिंग, म्हणजे प्रत्येक दिव्याचा झोत नेमक्या जागी लावणे, नेपथ्य पूर्ण लागल्याशिवाय करता येत नाही. खुर्ची फूटभर सरकली तरी नटाचा चेहरा काळोखात जातो. शिवाय फोकसिंगला अंधार लागतो आणि खिळे ठोकणाऱ्याला उजेड, त्यामुळे ही दोन कामे एकत्र होतच नाहीत. दुपारचे चार इथेच वाजतात. मग बळी जातो तो तांत्रिक तालमीचा. संवाद गाळून केवळ क्यूंवरून (दिवे किंवा संगीत बदलण्याच्या ठरलेल्या खुणांवरून) केलेली ही तालीम दोन अंकी नाटकाला तीन तास मागते. ती झाली नाही की काळोख उशिरा पडतो, संगीत वाक्यावर चढते आणि दोष नटांच्या माथी येतो.

म्हणून कला अकादमी, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर आणि ठिकठिकाणची रवींद्र भवने यांना विनंती आहे की, विद्यार्थी मंडळांना तारीख देताना आदल्या दिवसाचे दुपारनंतरचे सत्र सवलतीत जोडून द्यावे. महाविद्यालयांनीही तीन मंडळांची नाटके सलग तीन दिवस लावावीत, म्हणजे दिवे एकदाच टांगावे लागतील. रंगमंचाचे पुढे तीन, मागे तीन असे सहा भाग पाडून प्रत्येकावर समोरून दोन बाजूंनी एकेक दिवा, असे बारा दिवे तिन्ही प्रयोगांना कायम ठेवावेत. प्रत्येक नाटकाने वर फार तर चार खास दिवे मागावेत.

फ्लॅटही (नेपथ्यातल्या भिंतींच्या सुट्या चौकटी) सामाईक असावेत, मात्र हार्डबोर्डचे नकोत. जुलैच्या दमटपणात हार्डबोर्ड फुगतो, कडा वळतात, दार चौकटीत अडकते आणि ऐन प्रवेशात नट ते ओढत राहतो. एक बाय दोन इंची पट्ट्यांची आठ बाय चार फुटांची चौकट करावी, कोपऱ्यांना प्लायवूडचे त्रिकोण ठोकावेत आणि वर मांजरपाट ताणावा. पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा पहिला हात दिला की कापड सुकताना ताठ होते. पावसात त्याला रात्रभर पंखा हवा, आणि तो सुकण्याआधी रंग लावला तर पापुद्रे सुटतात. असे फ्लॅट पुन्हा रंगवून तिन्ही नाटकांना वापरता येतात. मागच्या टेकूवर वाळूची पिशवी मात्र विसरू नये.

तालीम वर्गात होते हीसुद्धा मोठी अडचण आहे. नाट्यगृहाचे माप आधीच आणून मैदानावर किंवा जिम्नॅशियममध्ये चुन्याने आखून घ्यावे. वर्गात चार पावलांत होणारी एन्ट्री रंगमंचावर दहा पावलांची होते आणि वाक्य वाटेतच संपते. कॉलेजच्या सभागृहात प्रयोग असेल तर विजेचा हिशेब आधी करावा. हजार वॅटचा एक दिवा सुमारे साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे पंधरा अँपिअरच्या एका प्लगवर तीनच दिवे चालतात. चौथा लावला की फ्यूज गेलाच!

तारखांचेही भान हवे. चतुर्थीला मुले गावी जातात, त्यामुळे तिच्या लगेच नंतरच्या आठवड्यात प्रयोग ठेवू नये, पाठांतर सैल झालेले असते. दिवाळीनंतर जत्रोत्सव सुरू झाले की ड्रेपरीवाले (नाटकाचे कपडे भाड्याने देणारे), लाइटवाले आणि रंगभूषाकार गावोगावच्या नाटकांना बांधलेले असतात. म्हणजे कॉलेजच्या पहिल्या सत्रातली सोयीची वेळ उरते ती चतुर्थीआधीची. त्या तारखा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायच्या तर नाट्यगृहांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज मागवायला हवेत.

— महाविद्यालयीन नाट्यमंडळांसोबत काम करणारे काही रंगकर्मी, फोंडा