स्टेन काढताना

सिअ‍ॅटल, ऑगस्ट

प्रिय बंड्या,

"घराचा रंगच बदलायचाय ना, मग दोन हात मार आणि मोकळा हो," असं लिहिलंस. बाबा रे, इथल्या भिंती चिऱ्याच्या नाहीत. बाहेरून सगळ्या वेस्टर्न रेड सीडरच्या फळ्या, आणि त्यांवर रंग नव्हे, स्टेन. तो लाकडात झिरपतो, रेषा दिसत राहतात. म्हणूनच पंचाईत होते. फिकटावर गडद चढतो, पण गडदावर फिकट चढवायचा तर जुना काढावाच लागतो. आधीच्या मालकाने घर पार काळपट तपकिरी करून ठेवलेलं.

हिला राखाडी हवा होता. सॉलिड स्टेन मारला असता तर काम सोपं होतं, पण तो जवळजवळ रंगच. लाकूड त्याखाली गेलं की गेलं. त्यावर पुढे अर्धपारदर्शक स्टेन मुरतच नाही. मी अडून बसलो. शेवटी धुराड्यामागच्या फळ्यांवर नमुने लावून पाहिले, कारण दुकानातल्या पट्टीवर सीडरचा तांबूसपणा थोडाच असतो! राखाडी त्यावर मळकट दिसला. ठरलं, मधाळ तपकिरी.

जुना स्टेन काढायला कॉस्टिक सोड्याचं द्रावण. हातमोजे, चष्मा, सगळा जामानिमा. सीडरमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, सोड्यासारखा क्षार लागला की ते काळंठिक्कर पडतं. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, घर जाळलंत की काय!" मग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी फिरवलं आणि डोळ्यांदेखत लाकूड परत तांबूस झालं. एवढ्यासाठी पुन्हा हा उद्योग करीन.

एक कंत्राटदार म्हणे प्रेशर वॉशरने उडवू. नको म्हटलं. जोराच्या पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि फळ्यांच्या मागे ओल शिरते. साध्या नळीने धुतलं आणि वाळू दिलं. ओल मोजायचं यंत्र १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. इथे कोरडे महिने जुलै-ऑगस्टच, त्यामुळे जीव टांगणीला.

लावायचं काम मात्र मजेचं. ऊन टाळत सावलीमागून घराभोवती फिरायचं, एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत संपवायची, मध्ये चहाला थांबलास तर जोडाचा डाग कायमचा. आणि तेलकट चिंध्यांचा बोळा कधी टाकू नकोस. या स्टेनमधलं जवसाचं तेल वाळताना तापतं, चिंध्या आपोआप पेटतात. आम्ही त्या पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावतो.

आता तुझं. ओटीच्या खांबांना ऑईलपेंट मारणार म्हणतोस, ते थांबव. तुझ्या आजोबांनी त्यांना काजूच्या टरफलांचं तेल पाजलंय, त्यावर पेंट धरणार नाही, पावसाळ्यात पापुद्रे निघतील. आधी मागच्या बाजूला थोडं घासून पाण्याचे थेंब टाक. शोषले गेले तर नवं तेल पिईल. मोत्यासारखे उभे राहिले तर हात लावू नकोस. काय होतं ते कळव, फोटोही पाठव.

तुझा,
नंदू