बाळाशी मराठीतच बोल

प्रिय सखे,

काल फोन मधेच ठेवला, सॉरी गं, धाकटी उठली आणि तिला परत झोपवेस्तोवर तुझ्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. तू दोन गोष्टी विचारल्यास, तिकडे गेल्यावर बाळाशी कुठल्या भाषेत बोलायचं आणि फार एकटं पडायला होतं का, आणि मी घाईघाईत "होतं गं सगळं मॅनेज" म्हणून मोकळी झाले. ते मला दिवसभर टोचत राहिलं. दहा महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन तू नव्या देशात निघालीयस आणि मी तुला खरं काय ते सांगितलंच नाही. आत्ता दोघंही झोपलेत, नवरा भांडी आवरतोय, म्हणून बसलेय लिहायला. पत्र मोठं होणार आहे, सवडीने वाच.

आधी भाषेचं सांगते, कारण त्यात मी चुकलेय आणि तू चुकू नयेस असं मला मनापासून वाटतं.

मोठा सव्वादोन वर्षांचा असताना इथल्या डेकेअरला जायला लागला. घरी अखंड बडबड आणि तिथे तोंडातून एक शब्द नाही. दीड महिन्याने तिथल्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. खुर्च्या मुलांच्याच, गुडघे छातीशी येतील एवढ्या बुटक्या, त्यावर बसून आम्ही ऐकलं की तो कोणाशी बोलत नाही, एकटाच गाड्यांची रांग लावत बसतो, दोन भाषांमुळे त्याचा गोंधळ होतोय, तेव्हा घरी तुमची भाषा बंद करा आणि इथलीच बोला. त्या वाईट नव्हत्या गं, मायेनेच सांगत होत्या. पण परक्या देशात आपण नवीन असतो ना, तेव्हा बाई म्हणतायत म्हणजे तेच बरोबर असणार असं वाटतंच. त्याच संध्याकाळी आम्ही घरात मराठी बंद केली.

तेव्हा मला इथली भाषा येत होती ती किती? ये, बस, जेव, बूट घाल, हात लावू नकोस, शाब्बास. एवढ्यावर आईचं कसं भागणार सांग. मला नीट रागावता येईना, लाड करता येईनात, गोष्ट सांगायची तर पुस्तकातली चार वाक्यं वाचली की संपली. एकदा तो जिन्यात पडला, हनुवटी फुटली, मी त्याला उचललं आणि माझ्या तोंडात आलं होतं "उगी उगी, कुठे लागलं माझ्या सोन्याला, बघू बघू", आणि मी ते गिळलं आणि त्या भाषेत नुसतं "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत राहिले. तो रडायचा थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला, हनुवटीवरून रक्त ओघळतंय आणि हा टक लावून बघतोय, ही कोण म्हणून बघावं तसा. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

चार महिने आम्ही हे केलं. डेकेअरमध्ये तो बोलला नाहीच, वर घरातली बडबडही आटली. आजीचा व्हिडिओ कॉल आला की सोफ्याच्या मागे जाऊन बसायचा. आई विचारायची, "रागावलाय का गं माझ्यावर?" आणि मी सांगायचे नेटवर्क नाहीये आई, नंतर करते.

मग लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी आधी कान तपासायला पाठवलं (बोलण्याबद्दल कधीही शंका आली तर हे पहिलं करून घे) आणि कान ठीक निघाल्यावर स्पीच थेरपिस्टकडे. तिने मला एक वही करायला लावली, दोन आठवडे त्याच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द लिहायचा, भाषा कुठलीही असो. मी मधे रेघ मारून दोन रकाने केले, एकीकडे मराठी, एकीकडे इथली. वही बघून तिने पेन घेतलं आणि ती रेघ खोडली. म्हणाली मूल एकच आहे, शब्द एकत्र मोजायचे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाकडे एकेका भाषेतले शब्द कमी दिसू शकतात, बेरीज केली की कळतं खरं काय ते. नव्या भाषेत जाऊन पडलेलं मूल कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा नुसतं ऐकत राहतं. आणि एका वाक्यात दोन्ही भाषा आल्या तर तो गोंधळ नसतो, जो शब्द आधी सापडला तो त्याने घेतला, एवढंच. मग तिने मला विचारलं, तुम्हाला विचार न करता कुठल्या भाषेत बोलता येतं? तीच घरी बोला.

परतताना बसमध्ये मी त्याला खिडकीतून दिसेल ते सांगत सुटले. ती बघ क्रेन, त्या आजोबांची छत्री उलटी झाली बघ, त्या कुत्र्याने स्वेटर घातलाय. माणसं वळून बघत होती, बघू देत. तो काही बोलला नाही. उतरायच्या आधी माझी बाही ओढून म्हणाला, "अजून सांग."

त्यानंतर मी रात्री जागून जे मिळेल ते वाचत सुटले, त्यातल्या दोनतीन गोष्टी तुझ्या उपयोगाच्या आहेत. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवून बघितले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हीतला फरक कळत होता, आणि दहा ते बारा महिन्यांची झाली तोवर बहुतेकांचा तो गेलेला, कारण त्यांच्या आजूबाजूला त्या फरकाचं कोणाला काही पडलेलंच नव्हतं. तुझी लेक आत्ता बरोब्बर त्याच वयात आहे बघ. घाबरवायला नाही सांगत, पुढेही मुलं शिकतातच, पण ती अजून बोलत नाही म्हणून तिच्याशी काय बोलायचं असं जे तू म्हणालीस ना, तर हेच बोलायचे दिवस आहेत.

दुसरं मला जास्त लागलं. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, काहींना समोर बसून खेळणाऱ्या, पुस्तक दाखवणाऱ्या माणसांकडून आणि काहींना तीच माणसं व्हिडिओवर. अशी फक्त १२ सत्रं. समोर माणूस होता ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली, व्हिडिओवाली शिकलीच नाहीत. आणि मी काय करत होते, मराठी बडबडगीतांचा टॅब त्याच्या हातात देऊन कपडे घड्या करत होते, वाटायचं तेवढीच मराठी कानावर पडतेय. आता मी घड्या करताना त्याच्याशीच बोलते, मोजे कोणाचे, जोडी कुठे गेली, हा बघ तुझा शर्ट किती आखूड झाला.

आणि नवऱ्यालाही आत्ताच सांगून ठेव. बेल्जियममधल्या डच बोलणाऱ्या भागात आनिक द हौवर यांनी दोन भाषांच्या सुमारे १९०० कुटुंबांचा अभ्यास केला होता, २००७ साली छापून आला. साधारण चारातल्या एका घरात मुलं आईबाबांची भाषा बोलतच नव्हती. जिथे आईबाबा दोघंही घरात आपलीच भाषा बोलत होते तिथली मात्र बहुतेक सगळी मुलं बोलत होती. म्हणजे एकटी आई बोलतेय आणि बाबा दमून इंग्रजीत उत्तरं देतायत असं करून भागायचं नाही. तुझा नवरा ऑफिसमधून आला की अर्धा तास इंग्रजीतच असतो, मला माहितीये.

मोठ्याच्या बोलण्याचं आणखी एक. मोठा भरपूर बोलायला लागला तेव्हा तो "मी येते, मी जेवते, मी नाही देणार जा, मी रुसले" असं बोलायचा. दिवसभर माझंच ऐकायचा ना, 'मी' म्हटलं की पुढे '-ते' येतं असं त्याने धरलं. आम्हाला घरात ते कधी खटकलंच नाही. सुट्टीत आपल्याकडे घरी गेलो तर तिथली मुलं हसली, "अरे तू मुलगी आहेस का?" आणि याने पुन्हा तोंड मिटलं, दोन दिवस फक्त मानेने हो-नाही. माझ्या पोटात गोळा आला, परत तेच दिवस येतायत की काय. नणंदेची आठ वर्षांची मुलगी होती, तिने त्याला काही समजावलं नाही, नुसतं बसचा खेळ मांडला, हा ड्रायव्हर. "मी गाडी चालवतो, मी तिकीट देतो, तुम्ही कुठे जाता?" तिसऱ्या आठवड्यात घरभर 'मी येतो, मी जातो' चालू झालं. जे मी दोन वर्षांत दिलं नाही ते त्या पोरीने एकवीस दिवसांत दिलं. म्हणून सुट्टी घेशील तेव्हा लांबलचक घे, आठ दिवसांची धावपळ नको. पहिला आठवडा तर मूल तुझ्या पदराला चिकटूनच काढतं.

व्हिडिओ कॉलचं म्हणशील तर "बोल ना आजीशी, सांग ना आज काय केलंस" हे अजिबात करू नको. मोठ्या माणसाला कोणी असं म्हटलं तर आपणही गप्प होऊ. आईने स्वतःच एक युक्ती काढली. तिच्याकडे जुन्या बटणांची बरणी आहे, ती ताटात उपडी करते आणि म्हणते, मला चष्मा सापडत नाहीये रे, चार भोकांचं निळं कुठाय? हा इथून ओरडतो, "डावीकडे आजी, डावीकडे, नाही गं, त्याच्या खाली!" धाकटी तर स्क्रीनला बोट लावून बटण उचलायला बघते. वीस मिनिटं जातात आणि कोणी कोणाला बोल म्हणत नाही. तू म्हणालीस ना एवढ्या लहान बाळाला स्क्रीन नको म्हणतात, तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन टाळा म्हणताना व्हिडिओ कॉल त्यातून वगळलेत. आजीला भेटू दे खुशाल. वेळ मात्र ठरलेली ठेव, नाहीतर तुमची झोप आणि त्यांचं जेवण यातच आठवडा जातो.

आता एकटेपणाचं. ते पत्रात नीट येणार नाही, तरी सांगते.

डेकेअरचा फॉर्म भरताना एक रकाना आला, आईवडील सोडून इमर्जन्सीला फोन करता येतील अशा दोन व्यक्ती. दोन ओळी, नाव, नंबर, नातं. मी पेन घेऊन बसले आणि एक नाव सुचेना. तिकडे असते तर जागा पुरली नसती, आई, सासूबाई, नणंद, तू. मी त्या ओळी रिकाम्या सोडून फॉर्म दिला आणि तिथल्या मुलीने परत केला, म्हणाली हे लागतंच. आठवडाभर तो फॉर्म फ्रिजवर लावलेला होता, येताजाता दिसायचा. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंचं दार वाजवलं, सत्तरीच्या असतील, तोवर आमचं जिन्यात हसण्यापुरतंच. मी तोडक्यामोडक्या भाषेत वाक्य पाठ करून गेले होते, ते अर्धं होण्याआधीच त्या हो म्हणाल्या आणि स्वतःच पेन घेऊन नंबर लिहिला. धाकटीच्या वेळी रात्री दोनला कळा सुरू झाल्या तेव्हा त्याच वर आल्या, नाइटगाउनवर कोट घालून, मोठ्याच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून सकाळपर्यंत बसल्या.

तर तू तो फॉर्म येण्याची वाट बघू नकोस. पहिल्या महिन्यातच शेजारपाजारी बोल, भाषा येत नसली तरी बोल, लाजू नको. आपल्याकडची माणसं मिळतील ती धर, पण जिन्यात भेटणारंही एक माणूस हवं, कारण ताप मध्यरात्रीच येतो. दोघंही मुलं तापलेली, नवरा टूरवर आणि मला फक्त दहा मिनिटं अंघोळीला हवीत, असे दिवस येतात गं. तेव्हा रडू आलं तर रड, मला फोन कर.

एक कामाचं राहिलं, बाळाच्या लसींचं पुस्तक हँडबॅगेत घे, चेक-इनच्या बॅगेत नको. आणि डॉक्टरांकडून कुठल्या आजाराची लस कधी दिली ते इंग्रजीत लिहून घे, नुसती ब्रँडची नावं तिकडे कोणाला कळत नाहीत. बीसीजीची, म्हणजे टीबीच्या लसीची, नोंद असू दे, बऱ्याच देशांत ती सगळ्या बाळांना देत नाहीत आणि पुढे कधी टीबीची त्वचेवरची टेस्ट केली तर बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा तो कागद लागतो.

आईची तब्येत मधे बिघडली होती आणि मी जाऊ शकले नाही, त्याबद्दल आत्ता नाही लिहीत. समोर बसून बोलू.

परवाचं मात्र सांगते. बटणांचा खेळ संपल्यावर मोठा आजीला म्हणाला, "आजी, उद्या आपण पोहायला जाणारे." मी मागून दुरुस्त करणार होते, 'आम्ही' म्हण रे, आजी कुठे येतीये. इथल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, त्याचा घोळ होतो. पण आई तिकडून लगेच म्हणाली, "हो का? मग टॉवेल घे हं आपला." आणि तो खरंच उठला आणि दोन टॉवेल घेऊन आला. दुसरा अजून पिशवीत आहे, मी काढला नाही.

धाकटी कुरकुरतेय, थांबते. तिकीट झालं की तारीख कळव, आणि पोचलीस की फोन कर, इथे किती वाजलेत ते बघू नकोस. लेकीला माझा पापा.

तुझीच