काकू, तुम्ही पासबुक भरून आणायला सांगितलंत म्हणून

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी आणून दिलं असतं, पण धनकवडीतल्या आमच्या गल्लीत माझ्यासारख्याच अडचणीत असलेल्या बऱ्याच बायका आहेत. त्यांनाही वाचता यावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुम्ही ब्लाउजचं माप द्यायला आलात, तेव्हा मी मशीनवर बसून एटीएममधून निघालेल्या चिठ्ठीकडेच बघत होते. लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा झाले होते आणि त्यातून 354 रुपये कापले गेले होते. तीनशे दंड आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. तुम्ही विचारलंत, मी सांगून टाकलं. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात होते तेव्हाचं ते पगाराचं खातं. नोकरी सुटली, पगार यायचा थांबला आणि खातं साधं बचत खातं झालं. पाच हजार शिल्लक ठेवायचा नियम लागू झाला, हे मला कळलंच नव्हतं. कळल्यावर मी दर महिन्याच्या शेवटी बहिणीकडून पैसे घेऊन भरत होते आणि दोन-तीन दिवसांनी काढून तिला परत देत होते. तरीही कापत होते. माझंच काहीतरी चुकतंय, असं वाटून मी कुणाला बोलले नव्हते.

तुम्ही बँकेत नोकरी केलेली आहे, हे मला त्या दिवशी समजलं. तुम्ही म्हणालात, "आधी पासबुक भरून आण, मग बोलू." दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून माझ्या खडूनं अस्तराच्या कापडावर तुम्ही हिशेब मांडलात. सत्तावीस दिवस आठशे, म्हणजे 21,600. तीन दिवस पाच हजार, म्हणजे 15,000. बेरीज करून तिसानं भागलंत, आले 1,220. सरासरी रोजच्या शिल्लकीची धरतात, महिनाअखेरची नाही! इतके महिने बहिणीपुढे हात पसरत होते आणि त्याचा काही उपयोगच नव्हता. मला रडू आलं, तेव्हा तुम्ही पाणी दिलंत आणि पुढचं पान उलटलंत.

शिल्लक कमी पडली तर बँकेनं आधी कळवायचं, भरायला निदान महिनाभर मुदत द्यायची, दंड जितकी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात घ्यायचा आणि दंडापायी खातं उणे जाऊ द्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. माझ्या खात्याला जुना मोबाइल नंबर होता, तोही तुम्हीच शोधलात. तुम्ही सांगितलात तसा अर्ज लिहिला. दोन महिन्यांचे पैसे परत मिळाले. बाकीचे नाही मिळाले, पण दोन महिन्यांचे मिळाले हेही माझ्यासाठी थोडं नाही.

नव्या बँकेत जाताना तुम्ही एका कागदावर लिहून दिलं होतंत: "बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट खातं". तेवढेच शब्द बोलायचे, असं बजावलं होतंत. काउंटरवर मला आधी दुसरंच खातं सांगत होते, सोबत विमाही. मी कागद पुढे केला. 2012 पासून प्रत्येक बँकेनं हे खातं द्यायचं आहे. त्यात किमान शिल्लक नाही, एटीएम कार्डाला वर्षाचे पैसे नाहीत, जमा कितीही वेळा करा, पैसे मात्र महिन्यातून चार वेळा फुकट काढता येतात. मी अस्तर, धागा, हुक आणायला रविवार पेठेत आठवड्यातून एकदाच जाते, तेव्हाच काढते. मला चार वेळा पुरतात. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत.

आणि जुनं खातं घाईनं बंद करू दिलं नाहीत, त्याचे तर किती आभार मानू! मशीनचा हप्ता तिथून जात होता. तो परत गेला असता तर वेगळाच भुर्दंड बसला असता. आधी हप्ता नव्या खात्यावर वळवला, मग आधार जोडलं, गॅसची सबसिडी आणि दीड हजार नव्या खात्यात आलेले पाहिले, मगच बंद करण्याचा अर्ज दिला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे, असं तुम्ही दोनदा सांगितलंत. ती पोच रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली आहे.

बहिणीलाही तो खडूचा हिशेब दाखवला. ते अस्तर मी अजून कापलेलं नाही.

तुमचा जांभळा ब्लाउज तयार आहे. बाही तुम्ही म्हणाला होतात तशी अर्धा इंच सैल ठेवली आहे. शिलाई मी घेणार नाही, त्यावर कृपा करून वाद घालू नका. संध्याकाळी सहानंतर केव्हाही या, मी घरीच आहे.

तुमची,
फॉल-पिकोवाली