तसबिरी पुष्कळ झाल्या, आता त्यांचे लेखन मुलांच्या हाती द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातली पाठ्यपुस्तके नव्याने लिहिली जात आहेत. पुस्तक एकदा छापले की पुढची कितीतरी वर्षे त्याला कुणी हात लावत नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मागणी एकच आहे. एकोणिसाव्या शतकात ज्या बायकांनी महाराष्ट्राला हलवून जागे केले, त्यांच्याविषयी आपण मुलांना खूप सांगितले. आता त्यांनी स्वतः काय लिहिले ते मुलांना वाचू द्या.

मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. दर ३ जानेवारीला मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी ओढून सावित्रीबाई होतात. भाषणात शेण असते, दगड असतात, शाळेत गेल्यावर बदलायची दुसरी साडी असते. बोलता बोलता एखादीचा गळा दाटून येतो आणि ते अगदी खरे असते. मात्र त्या भाषणातले एकही वाक्य सावित्रीबाईंचे नसते. 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला हे माझ्या वर्गाला तोंडपाठ आहे. त्यातली एक कविता म्हणून दाखवा म्हटले की सगळे खाली बघतात. त्यात मुलांचा काही दोष नाही. एखादी कविता, एखादा उतारा अधूनमधून पुस्तकात येतो आणि जातो. बाकी सगळे आपण त्यांच्या वतीने बोलत असतो.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. दुसरे पत्र नायगावहून लिहिलेले आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरत असे. त्याचे सारजा नावाच्या महार मुलीवर प्रेम बसले आणि तिला दिवस गेले. गावकरी दोघांना मारत, धिंड काढत जिवे मारायला निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून जमावाला थांबवले आणि त्या दोघांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवून दिले. ही गोष्ट १८६८ सालची. एका गावात, जमावासमोर, एक बाई एकटी उभी राहते आणि नंतर शांतपणे नवऱ्याला कळवते की असे असे घडले, ही दोघे तुमच्याकडे येत आहेत. आजही जोडीदार स्वतः निवडला म्हणून मुलामुलींचे जीव घेतले जातात. अशा वेळी नववीच्या वर्गात हे पत्र वाचले जावे, याहून निकडीचे दुसरे काय असेल?

तिसरे पत्र १८७७च्या दुष्काळातले, ओतूरहून लिहिलेले. त्यात चाऱ्यावाचून मरणारी जनावरे आहेत, गाव सोडून चाललेली माणसे आहेत, नाडणारे सावकार आहेत आणि पकडलेल्या सत्यशोधकांसाठी, म्हणजे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांसाठी, कलेक्टरशी बोलणाऱ्या सावित्रीबाई आहेत. शेणाचा मारा सोसणारी बाई मुलांना ठाऊक आहे. दुष्काळात कार्यकर्त्यांची फळी सांभाळणारी, अधिकाऱ्यांशी वाद घालणारी ही बाई त्यांच्या ओळखीची नाही. मला स्वतःला ही दुसरी बाई अधिक मोठी वाटते.

पहिल्या पत्राकडे तर आपण विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी होत्या. महारामांगांसाठी कशाला झिजता, असे म्हणणाऱ्या भावाशी झालेला वाद त्यांनी त्यात सविस्तर लिहिला आहे. आणि जाता जाता काळजी व्यक्त केली आहे की आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. फातिमा शेख यांच्याविषयी आपल्या हाती जे थोडके पुरावे आहेत, त्यांत या ओळीचे मोल फार मोठे आहे. सोबतच्या शिक्षिकेचे नाव एका आजारी बाईने पत्रात लिहिले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. पुरावा म्हणजे काय आणि इतिहास कशावर उभा असतो हे शिकवायला यापेक्षा चांगले साधन मला तरी सापडलेले नाही.

महोदय, हे सगळे मिळवायला कुठे दूर जायचे नाही. सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने, म्हणजे आपल्याच शासनाने, १९८८ साली प्रसिद्ध केले आहे. त्यांच्या हयातीत छापलेल्या 'काव्यफुले'सारख्या लेखनाला कॉपीराइटचाही प्रश्न नाही. असे लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी सर्वांसाठी खुले होते आणि सावित्रीबाईंना जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

आता मुक्ता साळवेविषयी. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या नियतकालिकात तिचा निबंध दोन भागांत छापून आला. विषय मांग-महारांचे दुःख. ती विचारते की वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्म कोणता? ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते. थंडी, वारा, पावसात त्यांचे काय होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा. लहानशा मुलीने शिकलेल्या, सुस्थित वाचकाला हे सुनावले आहे. शेवटी ती आपल्या माणसांकडे वळते आणि शिकणे हेच यावरचे औषध आहे असे सांगते.

हा निबंध मी आठवीच्या वर्गात वाचून दाखवते. पुस्तकात नसल्यामुळे त्याच्या प्रती काढून आणते. एरवी हजेरीला 'उपस्थित' म्हणण्यापलीकडे तोंड न उघडणारी एक मुलगी एकदा तास संपल्यावर माझ्यापाशी आली आणि कागद घरी नेऊ का म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने तो चार घड्या घालून, नीट जपून परत आणला. आजीने दोनदा वाचून घेतला, म्हणाली, आणि छपराचा भाग तर तिसऱ्यांदासुद्धा. मग वर्गातल्या एका मुलाने विचारले, "बाई, मग हे आपल्या पुस्तकात का नाही?" त्याला उत्तर देण्याचे काम माझ्यापेक्षा आपले आहे.

लेखन हाती न दिल्याने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ताराबाई शिंदे यांचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेने आपले नवजात मूल मारले म्हणून १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणी उचलली आणि १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापले. ज्या दुर्गुणांसाठी बाईला नावे ठेवता ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल. बायको मेली की पुरुषाने दुसरी आणायची, आणि नवरा मेला की बाईने केस काढून कोपऱ्यात बसायचे, हा न्याय कुणी ठरवला? जोतीरावांनी त्यांची बाजू उघडपणे घेतली. पण पुस्तक विस्मरणात गेले ते गेलेच. संशोधक स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले, तोवर ९३ वर्षे उलटली होती. या काळात किती मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, लेखिका झाल्या! आपल्या आधी एका बाईने हे सगळे इतक्या धारदार मराठीत लिहून ठेवले आहे, हे त्यांतल्या बहुतेकींच्या कानावरही आले नसेल. प्रत्येकीला नव्याने पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

परीक्षेविषयीही थोडे सांगायला हवे. 'पहिली महिला अमुक कोण?' हा एका गुणाचा प्रश्न आपल्याकडे फार लाडका आहे. त्यामुळे आनंदीबाई जोशी मुलांना ठाऊक असतात. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झालेल्या आनंदीबाईंचे धैर्य असामान्यच, पण मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७मध्ये त्या गेल्या. नंतर डॉक्टर होऊन सुरत आणि राजकोट येथे तीन दशकांहून अधिक काळ बायकांवर उपचार करणाऱ्या रखमाबाई मात्र 'पहिली'च्या चौकटीत बसत नाहीत, म्हणून मागे राहतात.

वास्तविक रखमाबाईंचा खटला नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असायला हवा. अकराव्या वर्षी लग्न झाले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. १८८५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपील झाले, आणि १८८७ साली कोर्टाने बजावले की नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. खटला चालू असतानाच त्यांनी 'अ हिंदू लेडी' या नावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहून बालविवाहाने मुलीच्या शिक्षणाचे काय होते ते मांडले. मुलीशी शरीरसंबंधासाठीचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यामागे या खटल्याने उठवलेले वादळ होते. माझ्या वर्गातल्या काही मुलींची लग्ने आजही दहावीच्या निकालाआधी घरात ठरू लागतात. त्यांच्यासाठी रखमाबाईंची पत्रे सोप्या मराठीत आणणे हे पाठ्यपुस्तक मंडळाने घ्यायलाच हवे असे काम आहे.

पंडिता रमाबाईंची शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढची साक्ष, रमाबाई रानडे यांच्या आठवणी, अशी आणखी कितीतरी पाने आहेत. त्यांतली निवड पाठ्यपुस्तक समितीने करावी. माझे म्हणणे एवढेच की पाचवीपासून दहावीपर्यंत दर इयत्तेत निदान एक मूळ उतारा असावा, शेजारी कठीण शब्दांचे अर्थ द्यावेत, आणि त्यावरचे प्रश्न उतारा वाचल्याशिवाय सोडवता येऊ नयेत असे असावेत. भाषा जुनी आहे, मुलांना झेपणार नाही, असे कुणी म्हणेल. आपली मुले ज्ञानेश्वरांच्या ओव्या शिकतात. ताराबाईंची मराठी तर घरातल्या भांडणासारखी जिवंत आहे.

दुसरी विनंती अधिक नाजूक आहे. हे उतारे कापूनछाटून गुळगुळीत करू नका. मुक्ताच्या निबंधातून जात काढली तर मागे काही उरत नाही. ताराबाईंचा राग काढला तर उरतो निव्वळ उपदेश. मूळ मजकूर वाचून दाखवला म्हणून कुणी पालक तक्रार घेऊन येईल आणि मग शिक्षक एकटा पडेल, ही भीती शिक्षकांच्या मनात आहे, आणि ती खरी आहे. उतारे पुस्तकात अधिकृतपणे आले आणि त्यांच्या पाठीशी शासन निर्णय असला, तर तो शिक्षक ताठ मानेने शिकवू शकेल. ते बळ फक्त आपणच देऊ शकता.

जुन्या नियतकालिकांचे जतन आपल्या खात्यात येत नाही याची मला जाणीव आहे. तरीही 'ज्ञानोदय', 'दीनबंधु' यांसारख्या पत्रांचे जुने अंक स्कॅन करून सर्वांना मोफत उपलब्ध व्हावेत, यासाठी आपण सांस्कृतिक कार्यमंत्र्यांशी बोलावे. मुक्ताचा निबंध अशाच अंकातून आपल्यापर्यंत आला. फुल्यांची मुलींची शाळा जिथे भरली त्या पुण्याच्या भिडेवाड्याच्या जागी होणाऱ्या स्मारकातही पुतळ्याइतकीच जागा या मजकुराला मिळावी.

माध्यमिक इयत्तांची पुस्तके छपाईला जाण्यापूर्वी मराठी आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या समित्यांना आपण या आशयाचे पत्र पाठवावे, आणि उतारे निवडताना वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांना सोबत घ्यावे. मी वर उल्लेखलेल्या लेखनातले, माझ्या मुलांनी आधीच वाचलेले उतारे, त्यांना अडलेल्या शब्दांच्या यादीसह, समितीपुढे ठेवायला तयार आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एका माध्यमिक शाळेतील मराठी व इतिहासाची शिक्षिका