त्याला मस्ती आली नव्हती

संपादक महोदय,

'आताच्या पोरांना काही सोसतच नाही', हे मी कारखान्यात रोज ऐकतो. गेल्या वर्षापर्यंत मीही हेच म्हणायचो.

मी शिरोली एमआयडीसीत टर्नर आहे. मुलगा नववीत. शाहू स्टेडियमवर सामना असला की जेवणखाण विसरणारा. गणपतीनंतर त्यानं फुटबॉलचे बूट माळ्यावर टाकले. रडला नाही, नुसता चिडायचा. बहिणीच्या अंगावर जायचा, रात्री दोनपर्यंत जागायचा, सकाळी हलवूनही उठायचा नाही. पोराला मस्ती आलीय म्हणून मी मोबाइल काढून घेतला, दोनदा हात उगारला. मेव्हण्यांनी उतारा टाकायला लावला. तीन महिने असेच गेले.

शेवटी त्याला मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घेतलं. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं का?" मला वडील आठवले. दोन-दोन महिने सोप्यात भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. त्यांना कुणी दवाखान्यात नेलं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत नैराश्यामागे आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 37 टक्के निघाला आहे. म्हणजे आजोबांचं दुखणं नातवात उतरतंच असं नाही, पण कल उतरू शकतो. त्यात या वयात मेंदूतला भावना उसळवणारा भाग जोरात असतो आणि आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. झोप आणणारं मेलाटोनिनही उशिरा पाझरतं. आणि या वयातलं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात दिसतं, असं बाई म्हणाल्या तेव्हा मला त्यांच्यासमोर मान वर करवेना.

समुपदेशन आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहा, असं त्यांनी बजावलं. मी रात्रपाळी बंद करून घेतली. आता तो पुन्हा ताटावर आमच्यासोबत बसतो.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांत कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. साठ पोरांच्या वर्गात चार. शाळांनी पालकसभेत गुणांआधी अर्धा तास यावर बोलावं. आणि आपण दहावीचं वेळापत्रक छापाल तेव्हा शेजारी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक ठळक छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर