पोकरमधली खरी कसोटी मधल्या हाताची

महोदय,

पैशांवर खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने सरसकट बंद केले आणि पोकर कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद निदान मोबाइलपुरता तरी निकालात निघाला. गोव्यात मांडवी नदीतल्या तरंगत्या कॅसिनोंत मात्र टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळला जातोच, आणि त्या टेबलांवर दिवाळीच्या तीन पत्तीत तयार झालेले आपले लोक पुष्कळ दिसतात. त्यांचे पैसे रद्दी पानांवर फारसे जात नाहीत, कारण ती कोणीही टाकून देतो. ते जातात धड ना चांगल्या, धड ना वाईट अशा हातांवर.

तीन पत्तीत हाती आलेली पाने शेवटपर्यंत तीच राहतात. होल्डेममध्ये दोन पाने हाती असतात आणि पैसे लावण्याच्या पहिल्या फेरीनंतर फ्लॉपची तीन सामाईक पाने उघडली की हाताची किंमत नव्याने ठरवावी लागते. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरे काही लागण्याची शक्यता साधारण तिनात एक असल्याने, ती लागली की माणसाच्या अंगात येते.

समजा, हाती इस्पिकचा राजा व नव्वी आहे आणि फ्लॉपवर बदामचा राजा, बदामची अठ्ठी व किलवरची चौकी पडली. जोडी सगळ्यांत मोठी, पण सोबतीला नव्वी, म्हणजे किकर हलका. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, १,००० रुपये असताना समोरच्याने ५०० लावले, तर आपले ५०० धरून पॉट २,००० चा होतो, म्हणजे चारांत एकदा जिंकलो तरी बरोबरी होते. तेव्हा कॉल करणे, म्हणजे तेवढीच रक्कम लावणे, रास्तच. रेझ केल्यास, म्हणजे रक्कम वाढवल्यास मात्र हलके हात बहुधा निघून जातात आणि एक्का, राणी किंवा गुलाम सोबतीला असलेले राजे थांबतात, म्हणजे आपणच पॉट वाढवून तो वरचढ हाताच्या स्वाधीन करतो. टर्नवर (चौथ्या सामाईक पानावर) आणि रिव्हरवरही (पाचव्या, शेवटच्या पानावर) सावध खेळाडूने मोठी रक्कम लावली, तर हा राजा मुकाट्याने टाकावा. (हे लिहायला सोपे आहे, याची मला कल्पना आहे.)

याच फ्लॉपवर हाती बदामची दोन पाने असलेल्याची चूक वेगळी असते. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरतात, म्हणून टर्नवर फ्लश (इथे पाच बदाम) होण्याची शक्यता सुमारे १९ टक्के, तर रिव्हरपर्यंत दोन्ही पाने धरून ३५ टक्के. समोरच्याने पॉटएवढी रक्कम लावली की कॉल परवडण्यास जिंकण्याची ३३ टक्के शक्यता लागते, आणि आपला माणूस ३५ चा आकडा मनाशी धरून पैसे टाकतो. टर्नवर बदाम न आल्यास पुन्हा तेवढीच मोठी रक्कम मोजावी लागेल, हे तो हिशेबात घेतच नाही. सगळे पैसे फ्लॉपवरच लागले असते, तर त्याचा हिशेब बरोबर ठरला असता.

डावात चौघे असतील, तर याच फ्लॉपवरच्या अठ्ठीशी जुळलेली मधली जोडी फ्लॉपवरच सोडावी. समोर एकटाच असेल, त्याने चेक केले (पैसे न लावता पाळी पुढे दिली) असेल आणि शेवटी बोलण्याची पाळी आपली असेल, तर मात्र तिच्यावरही थोडी रक्कम लावून पाहण्यास हरकत नाही.

— एक वाचक, पर्वरी