मिस्ट नेटभोवतीची झुडपे कोणाच्या आदेशाने तोडली?

माननीय वनमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

पक्षी-वलयांकन केंद्रातील (पक्षी पकडून, पायात क्रमांकाचे कडे घालून पुन्हा सोडण्याच्या केंद्रातील) मिस्ट नेटभोवतीची, म्हणजे पक्षी पकडण्याच्या बारीक धाग्यांच्या जाळीभोवतीची झुडपे स्थलांतराच्या हंगामात तोडली जाणार नाहीत, असे लेखी आश्वासन आम्हाला मिळाले होते. गेल्या आठवड्यात ‘परिसर स्वच्छते’च्या नावाखाली ती भुईसपाट करण्यात आली आणि आम्हाला साधी पूर्वसूचनाही मिळाली नाही.

ती झुडपे केर नव्हती, मोजमापाच्या साधनाचाच भाग होती. साधारण १२ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच अशी ही जाळी पक्ष्याला दिसत नाही, ती मागच्या गर्द झाडोऱ्यामुळे. उघड्यावर ऊन पडले की धागे चमकतात, वाऱ्याने जाळी फुगते आणि पक्षी तिला वळसा घालतात. जे अडकतात त्यांना सावली उरत नाही, आणि उन्हात इवलासा वटवट्या किती लवकर मलूल होतो, हे आम्ही तळहातावर पाहिले आहे. ब्रिटनमध्ये १९८३ पासून आणि उत्तर अमेरिकेत १९८९ पासून ठरलेल्या जागी, ठरावीक वेळ जाळी लावून पक्ष्यांच्या संख्येतील चढउतार नोंदवले जातात. भोवतालचा झाडोरा एकाएकी बदलला, तर अशा नोंदींची तुलना डळमळते. यंदा पक्षी कमी सापडले, तर ते खरोखर घटले की जाळीकडे फिरकलेच नाहीत, हे आता आम्ही कशाच्या आधारावर सांगायचे?

पहाटेच्या अंधारात जाळी उघडणे, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून पक्षी सोडवणे, वजन, पंखांची लांबी, चरबी आणि पिसांची अवस्था टिपणे, हे सारे आम्ही विनावेतन करतो. त्यासाठी झोप आणि सुट्ट्या सोडल्या, घरच्यांची नाराजी पत्करली; आणि तक्रार घेऊन गेल्यावर कचेरीत ताटकळत बसवून ‘झुडपेच तर आहेत, पुन्हा वाढतील’ असे ऐकवण्यात आले. हा अपमान आम्ही विसरणार नाही. लावलेल्या रोपांचे आकडे अहवालात झळकतात, पण आपोआप वाढलेल्या काटेरी झाडोऱ्याला त्यात रकानाच नसतो. तो ‘पडीक’ ठरतो आणि म्हणूनच सर्वांत आधी कुऱ्हाडीखाली जातो. ही सगळी व्यवस्थाच झाडे मोजते, अधिवास पाहत नाही.

उरलेले बुंधे उपटू नयेत, तेथे शोभेची झाडे लावू नयेत, यापुढे केंद्राच्या लेखी संमतीवाचून एक फांदीही तोडू नये आणि हा आदेश कोणी, कोणत्या अधिकारात दिला, हे आम्हाला पंधरा दिवसांत लेखी कळवावे.

आपला,
वलयांकन केंद्रातील एक स्वयंसेवक